आवाज तपासला: धाकटी बहीण

८ जून

चि. चिंगीस,

तुझं मागचं पत्र मिळालं. ‘क्रुपया’ नव्हे, ‘कृपया’. चव्वेचाळीस वर्षांची घोडी झालीस, अजून क-ला ऋकार देता येत नाही. असो.

या वेळी काम माझं आहे, म्हणून उत्तर लगेच. आमच्या नव्या मुख्याध्यापिका माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांच्या डोक्यात रोज एक किडा वळवळतो. आता म्हणे प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाचे चाळीस तास रेकॉर्ड करून द्यायचे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मी आकृती काढायची, मागून माझा आवाज यायचा, आणि मुलांनी ते हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर बघायचं. माझा चेहरा दिसणार नाही, एवढी एक मेहेरबानी.

मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. कसं करायचं ते एकदा भरभर दाखवलं आणि कामावर गेला. सूनबाई दिवसभर घरूनच काम करते, पण तिला काही विचारलं की कपाळावर आठ्या. मीही तिला विचारायला मरत नाही. कालच तिने घडी घातलेले कपडे मी सगळे उलगडून परत घडी केले, तेव्हापासून तोंड फुगलेलं आहे.

तुझ्या त्या ऑफिसात हेच करतात ना? दुसऱ्यांनी शिकवलेलं तू कापतेस, जोडतेस. मग सगळं पायरी पायरीने लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर वेळ जातो. शिवाय पत्राने तुझं शुद्धलेखन तरी सुधारेल.

अक्का


१६ जून

ती. अक्का,

नमस्कार. ऋकार नीट आला का बघ.

सोपं आहे, घाबरू नकोस. आधी लॅपटॉपवरच्या बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद कर, नाहीतर मुलांना भूमितीऐवजी भाच्याचे मेसेज दिसतील. मग रेकॉर्डरचं लाल बटण दाब. पहिली तीन सेकंदं काही बोलू नकोस. माउसचा बाण उगाच इकडेतिकडे फिरवू नकोस, मुलांची नजर त्याच्यामागे धावते. बाणाभोवती पिवळं वर्तुळ येण्याची सोय आहे, ती कशी लावायची ते मागच्या बाजूला चित्र काढून दिलंय.

सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्न विचारलास की चार सेकंदं थांब. मनात चार आकडे मोज. पडद्यासमोर बसलेल्या पोरांना तेवढ्यात उत्तर द्यायला मिळतं. मग तू ‘शाब्बास, बरोबर’ म्हण. समोर कुणी नसलं तरी म्हण. आमच्याकडे असे थांबे घेतलेले तासच मुलांना आवडतात.

आणि दार लावून बस. माइक फार तिखट कानाचा असतो.

पहिले दोन-तीन तास झाले की पेनड्राइव्हवर घालून पाकिटातून पाठव, मी आवाज तपासून देते.

एक विचारू? मागच्या महिन्यात मी फोन केला तेव्हा मी म्हटलं, ताप आलाय, तू म्हणालीस ‘हो हो, छान छान’. मी म्हटलं, अक्का, ऐकतेस ना? तू म्हणालीस, ‘तूही काळजी घे’. काय झालंय?

चिंगी


२ जुलै

चि. चिंगीस,

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे पत्र वाचून फाडून टाक.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. आता समोर कुणी मोठ्याने बोललं तर ओठांवरून अंदाज येतो, पाठीमागून बोललं तर काही नाही. घरात कुणाला माहीत नाही. मुलाला वाटतं मी मुद्दाम दुर्लक्ष करते, सुनेला वाटतं मला मिजास आहे. वाटू दे. मिजास चालते, बहिरेपण चालत नाही. शाळेत कळलं तर उद्याच्या उद्या वर्ग काढून घेतील आणि निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत.

वर्गात कसं निभावते ते माझं मला ठाऊक. पोरगं उभं राहिलं की मी त्याला फळ्यावर लिहायला लावते. म्हणून तर हे रेकॉर्डिंग मला देवासारखं भेटलं. मी बोलायचं, कुणी विचारायचं नाही. चार सेकंदं थांबायचं आणि शाब्बास म्हणायचं. अगं, आयुष्यभर मी वर्गात हेच करायला हवं होतं.

दार लावून बसता येत नाही. दार लावलं की खोलीत उकडतं आणि मुलगा दारावर ठोकत राहतो. मला ऐकू येत नाही, मग तो चिडतो. म्हणून उघडंच ठेवते.

तीन तास पाठवले आहेत. बोलताना स्क्रीनवर हिरवी पट्टी नाचते, एवढंच मला कळतं. बाकी तुझ्या कानांवर विसंबून आहे. आवाज नीट आहे का, तेवढं सांग. तू म्हणालीस की झालं.

अक्का


११ जुलै
(हे पत्र लिहिलं, पण पाठवलं नाही.)

अक्का,

हे कसं लिहू कळत नाही. तू आधी बस.

तुझे तिन्ही तास मी ऑफिसात हेडफोन लावून ऐकले. पहिल्या तासात तुझ्या आवाजामागे सूनबाई फोनवर कुणाशी तरी बोलते आहे. ‘म्हातारी ठार बहिरी झालीय, आणि आम्हाला कळत नाही असं तिला वाटतं,’ असं म्हणून हसते. म्हणजे तिला माहीत आहे, अक्का. कधीपासून ते कळलं नाही.

दुसऱ्या तासात ती तुझ्या खोलीच्या दारात येऊन उभी आहे. तू विचारतेस, ‘नव्वद अंशांपेक्षा मोठ्या कोनाला काय म्हणतात?’ आणि थांबतेस. त्या चार सेकंदांत ती म्हणते, ‘बहिरट!’ आणि तू म्हणतेस, ‘शाब्बास, बरोबर.’

मग तिला तो खेळच सापडला. तू थांबलीस की ती बोलते. ‘चहा हवा का, बहिरटबाई?’ तू म्हणतेस, ‘अगदी बरोबर.’

तिसऱ्या तासात तुझा मुलगाही आहे. तो आधी ‘हळू गं’ म्हणतो. मग हसतो. मग तो स्वतः विचारतो, ‘आई, निवृत्त झालीस की तुला आश्रमात टाकू ना?’ आणि तू म्हणतेस, ‘शाब्बास, आता पुढची पायरी.’ त्यावर दोघं इतकी हसली आहेत की तुझी हिरवी पट्टी नक्की लाल झाली असेल.

हे तास शाळेत देऊ नकोस. मी येते. रजा काढून येते, आपण


१२ जुलै

चि. चिंगीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल कपाट आवरताना तुझा एक जुना कागद सापडला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची प्रवेशपावती. तू ते सोडलंस ते साल. टाकून देऊ का, विचारायचं होतं.

त्यावरून आठवलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाबांच्या कचेरीने एक नर्स द्यायची तयारी दाखवली होती. दिवसभराची, त्यांच्याच खर्चाने. तुला तेव्हा बहुतेक सांगितलं नव्हतं. मीच नको म्हटलं. परकी बाई घरात नको वाटली, आणि तू होतीसच. माझी नोकरी लागलेली, तुझं काही तसं चाललेलं नव्हतं. पहिल्या वर्षात तुला दोन विषयांत काठावर मार्क होते, पावतीला गुणपत्रिका जोडलेली आहे. तेव्हा आईचं करण्यात अकरा वर्षं गेली म्हणून तू जी अधूनमधून मुसमुसतेस, त्यात फार काही बुडालं असं मला वाटत नाही. आईचं तरी नीट झालं.

आवाजाचं कळव. मुख्याध्यापिका मागे लागल्या आहेत.

अक्का

ता.क. सूनबाई हल्ली फार आनंदात असते. रेकॉर्डिंगच्या वेळी मागे दारात येऊन उभी राहते, मी वळले की हसून बघते. तिलाही भूमितीची गोडी लागली की काय, देव जाणे.


१९ जुलै

ती. अक्का,

तुझं पत्र मिळालं. पावती टाकून दे.

तिन्ही तास ऐकले. आवाज उत्तम आहे. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो, कुठेही काही दबलेलं नाही. बदल काही नको. शाळेत देऊन टाक.

फक्त एक. प्रश्नानंतर चार सेकंदं कमी पडतात. सहा थांब.

पुढचे तास मला पाठवले नाहीस तरी चालेल. तुला जमलंय.

चिंगी


२५ ऑगस्ट

चि. चिंगीस,

चाळीसच्या चाळीस झाले! शाळेत सगळ्यांच्या आधी माझे. भाषेच्या बाईंचे अजून नऊच झालेत आणि त्यातही खोकला.

आणि काय सांगू, मुलांना वेड लागलंय. एकतीस वर्षं शिकवते आहे, पण माझ्या तासाला पोरं अशी बसलेली मी पाहिली नव्हती. पुढे वाकून, श्वास रोखून. मी प्रश्न विचारून थांबले की सगळ्यांचे कान पडद्याकडे. आणि हसतात! मी अधूनमधून एखादी कोटी करते, ती त्यांना कळते असं दिसतं. बारावा तास तर त्यांनी तीनदा लावून घेतला. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तीनदा बघणारी मुलं तू कधी ऐकलीस का?

हॉलमध्ये मुख्याध्यापिका कधी बसत नाहीत. त्यांनी प्रत्येक तासाची पहिली दोन मिनिटं बघून सही केली. म्हणाल्या (त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं मी, पोरांच्या गोंगाटाचं निमित्त करून), ‘तुमचे तास नमुना म्हणून आणखी अकरा शाळांना पाठवते.’

मुलं माझ्याशी गोड झाली आहेत. टेबलावर चिठ्ठ्या ठेवतात, ‘बाई, चहा हवा का?’ पहिल्यांदा मला गंमत वाटली. आता रोज दोन-चार येतात. मी ‘हवा’ म्हणून मान डोलावते, सगळा वर्ग हसून हसून लोळतो. भूमितीच्या खडूस बाईला कुणी चहाचं विचारेल असं मला वाटलं नव्हतं. दोन चिठ्ठ्या मी पर्समध्ये जपून ठेवल्या आहेत.

आणखी एक. प्रत्येक तासाच्या शेवटी मी एक पाटी घातली आहे, पांढऱ्यावर निळी अक्षरं. ‘आवाज तपासला: माझी धाकटी बहीण.’ तुझं कौतुक मी कधी केलं नाही, हे मला माहीत आहे. करायची सवय नाही. पण या कामात तू नसतीस तर मी बुडाले असते. बाराही शाळांतली मुलं आता रोज ते वाचतात.

तुझी,
अक्का


२ सप्टेंबर

ती. अक्का,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहिते आहे. मुलांना ते तास दाखवणं थांबव. आवाजात एक दोष आहे, तो तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. सगळे चाळीस मला परत पाठव, मी दुरुस्त करून देते. इतर शाळांकडूनही मागवून घे. मुख्याध्यापिकांना सांग, तांत्रिक अडचण आहे.

ती पाटी काढून टाक. कृपया.

चिंगी


९ सप्टेंबर

चि. चिंगीस,

दोष? जुलैत नव्हता, आता कुठून उगवला? तूच लिहिलंस की एकेक शब्द स्वच्छ. तुझं पत्र माझ्यासमोर आहे.

मी तुला लहानपणापासून ओळखते. माझं कुठे चांगलं झालं की तुझं पोट दुखतं. मला पहिलं बक्षीस मिळालं त्या दिवशी तू पाय मुरगळला म्हणून रडत बसलीस आणि आई तुझ्यापाशी गेली. आताही तेच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पोरं माझ्यावर खूश आहेत, तर तुला दोष सापडला.

तास कुठेही परत जाणार नाहीत. पाटीसुद्धा राहील. मी दिलेला शब्द मागे घेत नाही, तुझ्यासारखी.

अक्का


२९ सप्टेंबर

मावशी,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, पण मेसेजवर लिहिलेलं कुठेतरी राहतं म्हणून हे हाताने लिहितोय. वाचून फाड.

आईच्या शाळेतली एक मुलगी घरी आईची नक्कल करत होती. स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच ‘बहिरट’ म्हणायची आणि स्वतःच ‘शाब्बास’. तिच्या आईने विचारलं, हे कुठे शिकलीस? मुलीने मोबाइलवर घेतलेला तास लावून दाखवला. ती बाई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मग मुख्याध्यापिकांनी दार लावून चाळीसच्या चाळीस ऐकले आणि मला बोलावलं.

मावशी, आम्हाला वाटलं फक्त स्क्रीन आणि समोर बसलेल्या आईचा आवाज रेकॉर्ड होतो. खोली रेकॉर्ड होत असेल हे कुणाच्या ध्यानीमनी! घरातली गंमत होती ती. घराघरांत बोलतात तेवढंच आम्ही बोललो. माझ्या हाताखालच्या माणसाचा मुलगा त्या अकरा शाळांपैकी एकीत आहे. तो माणूस मला परवा म्हणाला, ‘साहेब, चहा हवा का?’ आणि सगळं ऑफिस खाली मान घालून हसलं. बायको आठ दिवस जेवली नाही. माहेरी सगळ्यांना कळलंय.

आईला काही कळलेलं नाही. शाळेने तास बंद केले आणि तिला सांगितलं, तांत्रिक बिघाड. मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरच्यांनी सांगावं. मी म्हणतो, जे तिला ऐकूच आलं नाही ते तिला कळायची गरज काय? तू फक्त एक कर. तिला लिही की आवाजात बिघाड होता, चूक तुझी झाली. तुझं तसंही काही बिघडत नाही.

आणि हो. शेवटच्या पाटीवर तुझं नातं लिहिलंय. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, ‘या बहिणीने खरंच ऐकलं होतं का?’ मी म्हटलं, नसेल. ऐकलं होतंस का, मावशी? ऐकलं असशील तर तू आमच्याहून वेगळी नाहीस, एवढं लक्षात ठेव आणि तोंड बंद ठेव.

तुझा भाचा


४ ऑक्टोबर

अक्का,

बिघाड नव्हता. तुझे तास का बंद झाले ते मी सांगते, कारण घरात तुला कुणी सांगणार नाही.

तुझ्या खोलीचं दार उघडं होतं. तू प्रश्न विचारून थांबायचीस तेव्हा सूनबाई दारातून उत्तर द्यायची. तुला ऐकू येत नाही हे तिला आणि तुझ्या मुलाला केव्हाचंच माहीत आहे. माइकने ते सगळं घेतलं आणि बारा शाळांतल्या मुलांनी ते ऐकलं. मुलं तुझ्या कोट्यांना हसत नव्हती. ‘चहा हवा का’ हे सूनबाईचं वाक्य आहे, पुढचा शब्द मुलांनी चिठ्ठीत गाळला, एवढंच.

माझ्याजवळ पहिले तीन तास होते. त्यांत कितव्या मिनिटाला कोण काय म्हणालं ते सोबतच्या चार पानांवर लिहिलं आहे. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. तिसऱ्या पानावर तुझ्या मुलाचं आहे. ते वाचताना जवळ कुणी असू दे, असं लिहिणार होते, पण कोण असणार?

आता माझं. हे मला जुलैपासून माहीत होतं. मी तुला सगळं लिहिलंही होतं, अर्धं पत्र. रजेचा अर्ज टाइप केला होता. मग तुझं नर्सचं पत्र आलं. अकरा वर्षं, अक्का. मी आईच्या पाठीला पावडर लावत होते, रोज चादरी धुवत होते, आणि तू ते एका ‘नको’ने ठरवलं होतंस. वर मला काठावरचे मार्क दाखवलेस. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि तुला लिहिलं, आवाज उत्तम आहे. सहा सेकंदं थांब, हेही मीच लिहिलं. पाकीट चिकटवताना मला बरं वाटलं. पोस्टातून घरी येईपर्यंत वाटत होतं.

पाटीबद्दल कळलं त्या दिवशी थांबलं. पण तेव्हाही मी तुला खरं लिहिलं नाही. दोष आहे एवढंच लिहिलं, स्वतःला वाचवून.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू चार पानं आधी वाच.

चिंगी


२६ ऑक्टोबर

चिंगीस,

पानं वाचली. तिसऱ्या पानावर ‘आश्रम’ला तू ‘आश्राम’ लिहिलं आहेस.

तीच पानं मी दुपारी जेवणाच्या टेबलावर ठेवली, दोघांच्या मधोमध. मुलगा रडला. त्याला लहानपणापासून पकडलं गेल्यावरच रडू येतं. सूनबाई रडली नाही. तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘सात वर्षं तुम्ही मला तोंडावर बोललात. मी तुम्हाला पाठीमागे बोलले.’ मी ते वाक्य खूप वेळ बघत राहिले. एकही चूक नव्हती. शुद्धलेखनाची नव्हती, दुसरीही नव्हती. संध्याकाळी मी तिला म्हटलं, कपडे तुझ्या घडीचे राहू देत. आता ती मला जे सांगायचं ते कागदावर लिहून देते. गोड लिहीत नाही, पण लिहिते. परवा तिनेच मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि लिहिलं, आता यंत्राचा उपयोग होणार नाही, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं.

नर्सचं खरं आहे. तुझी अकरा वर्षं मी घालवली, आणि त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. ते तू मला लिहिलं असतंस, चार पानं, शिव्या देऊन, तर मी वाचलं असतं. मला पोचेल असा तेवढा एकच रस्ता उरला होता आणि तो तुला माहीत होता. सूनबाई बोलली ते मला कळणार नाही असं धरून बोलली. तू लिहिलंस ते मी वाचणार आणि खरं मानणार हे धरून लिहिलंस. मी तुला म्हटलं होतं, तू म्हणालीस की झालं. सगळ्या जगात तेवढी एकच जागा मी उघडी ठेवली होती.

शाळेचं सांगते, कारण हे काम मी तुझ्याकडून शिकले. वर्ग काढून घेतले. मुख्याध्यापिकांनी नीट, मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ‘आकृत्या फार सुबक आहेत, त्या ठेवतो. आवाज तेवढा काढून टाकतो.’ आता पडद्यावर माझ्या रेषा निघतात, पिवळं वर्तुळ फिरतं, आणि बाजूला उभी राहून चोवीस वर्षांची एक मुलगी बोलते. मी शेवटच्या बाकावर बसून एकदा बघितलं. मला वेगळं काहीच वाटलं नाही. मी केलेले तास मी नेहमी असेच पाहिले होते.

मला ग्रंथालयात बसवलं आहे. त्यासाठी बहिरेपणाचा दाखला जोडून एक अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, काही झालं तर कुणाला कळवायचं. दोन नावं हवी होती. मी मुलाचं लिहिलं. मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवले. मला दिसलं, त्या ‘बहीण?’ म्हणाल्या.

मी नाही म्हणून मान हलवली आणि सुनेचं नाव लिहिलं.

अक्का